हस्ताच्या पावसात चापडगाव

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात सगळे जातात ते थंडीत. मी यंदा नवरात्रात गेले, हस्ताच्या सरी अजून रेंगाळत होत्या तेव्हा. निघालेली आणि नुकती आलेली पाखरं एकाच शिवारात भेटतात ती याच दिवसांत.

मुक्काम चापडगावात, ओळखीच्या घरी. पहिला दिवस पावसानेच खाल्ला. द्राक्षांची गोडी छाटणी सुरू, माणसांना पाठ टेकायला वेळ नाही. तरी घरच्या मावशींनी स्वतःचा उपास असताना माझ्यासाठी बाजरीची भाकरी थापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरच्या बाभळीत सातभाईंचा नुसता कलकलाट. दुर्बीण लावली तर त्यांच्यामध्ये एक वेगळंच पाखरू, डोक्यावर आखूड तुरा, पोटाखाली मळकट पिवळसर, पंखावर पांढरा डाग. चातकाचं पिल्लू! सातभाईपेक्षा लांबलचक, तरी पंख थरथरवत चोच वासून बसलेलं. एक सातभाई नाकतोडा घेऊन आला, तो त्याच्या घशात कोंबला आणि लगेच पुन्हा गवतात उतरला. मग दुसरा आला. मी जागची हलले नाही.

चातक सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो हे वाचलेलं होतं. डोळ्यांसमोर बघणं निराळं. मोठे चातक तर मला कुठेच दिसले नाहीत. या पिल्लाला वाढवणारे सातभाई जन्मभर याच शिवारात राहणार, आणि त्याला जायचंय आफ्रिकेकडे. वाट दाखवायला जवळ कुणी नाही. ती उपजतच त्याच्या अंगात असते, आणि या गोष्टीपुढे मी खरंच नतमस्तक आहे.

तेवढ्यात गाडीतून पाच-सहाजण उतरले. पिल्लू उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यांतल्या एकाने टाळ्या वाजवल्या. सातभाई ओरडत पांगले, पिल्लू उसात शिरलं. मी त्यांना स्पष्ट बोलले, आणि पुन्हा बोलेन. लांबच्या प्रवासाआधी अंगावर चरबी चढवायची असते पाखराला. त्याचा एकेक घास मोलाचा.

संध्याकाळी गोदाकाठी म्हशींच्या पायांत पिवळे धोबी पक्षी. खूर उचलला की उडणारे किडे टिपायचे, शेपटी खालीवर, पुन्हा पुढे. उत्तरेकडून नुकतेच आलेले. रंग फिका, हिरवट. खरा हळदी पिवळा चढतो तो परत जायच्या सुमारास, मार्चच्या आसपास. “हे दिसले की गोधड्या उन्हात घालते मी,” मावशी म्हणाल्या.

बदकं मात्र तुरळक. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, वर्षानुवर्षं गाळ साचला आणि त्या उथळ पाण्यावर हे पाणथळ राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. पण पावसाळा सरताना पाणी चढलेलं असतं, चिखल उघडा पडलेला नसतो. घरी आल्यावर जो तो विचारतो, रोहित (फ्लेमिंगो) दिसले का? नाही दिसले. त्यांच्यासाठी थंडीत जा, चातकासाठी दसऱ्याच्या आत. आणि टाळ्या वाजवणारं कुणी सोबत असेल तर त्याला घरीच ठेवा.