टायरची तारीख आतल्या बाजूला असते, ताई

भाऊबीजेला माहेरी, नागपूरला जायचं होतं. गाडीचे टायर २०१९चे, गाडीबरोबरच आलेले, ४१ हजार किलोमीटर पळालेले. नक्षी अजून होती. खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटरचा जो उंचवटा असतो, त्याच्यापर्यंत रबर झिजलं नव्हतं. त्यामुळे "ही दिवाळी काढतील" असा घरात ठराव झाला होता. पंक्चरवाल्याने मात्र टायरच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या भिंतीत, नख रोवून टाचेच्या भेगांसारखे बारीक तडे दाखवले आणि म्हणाला, "ताई, हे घेऊन समृद्धीवर जाऊ नका."

त्याचं खरं होतं. संभाजीनगरहून नागपूर म्हणजे चारशेच्या वर किलोमीटर, सिमेंटचा सरळ रस्ता, १२०ची मर्यादा. शहरात चाळीसच्या वेगाने जुना टायर निभावून नेतो. तिथे तो तासन्‌तास तापत राहतो, आणि हवा कमी असली तर कुशी दुमडून दुमडून आणखीच तापतो. २०२३मध्ये आरटीओवाले समृद्धीवर टायर बघून गाड्या परत पाठवत होते, तेही डोक्यात होतं.

आमच्या ह्यांचं म्हणणं, पुढचे दोनच बदलू, निम्म्यात काम. दोनच बदलायचे तर नवे मागे टाकतात, हे बहुतेकांना उलटं वाटतं, मलाही वाटायचं. पावसात पुढची पकड सुटली तर स्टिअरिंग हलकं लागतं, कळतं तरी. मागची सुटली की गाडीच गरकन फिरते. पण तडे चारही टायरना होते, मग दोनाचा विचार सोडला. माझ्या १८५/६५ आर १५ या साइजला तीन दुकानांत भाव काढले. दोन ठिकाणी ५,४०० सांगितले, तिसऱ्याने ४,६००. चार टायरचे ३,२०० वाचत होते. तिथेच माझी मती फिरली.

शनिवारी साडेअकराला त्या तिसऱ्याकडे गाडी लावली. आधी त्याने १८५/६० काढले, "बसतो ताई, आणखी चारशेने स्वस्त." त्याच्यावर भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, ८४ होता, माझ्या जुन्यावर ८८. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. दिवाळीला चौघं जण, फराळाचे डबे आणि आईसाठी घेतलेला मिक्सर, एवढं भरून जाणाऱ्या गाडीला मी साठ किलो कमी कशाला करू? नको म्हटलं. मग "तुमच्या साइजचे गोडाऊनमधून येतायत, अर्धा तास." तो अर्धा तास अडीच वाजता संपला. तोवर माझे जुने टायर काढून झाले होते, गाडी ठोकळ्यांवर उभी. म्हणजे उठून जायची सोयच नाही. टायर समोर दिसल्याशिवाय जुने काढू देऊ नका, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

टायर आले तेव्हा मी समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले होते. वीस मिनिटांत परतले तर चारही रिमवर चढवून गाडीला लावलेले. मी खाली बसून तारीख शोधायला लागले. लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या दोन्ही टायरवर ३३२५ सापडलं, म्हणजे ऑगस्ट २०२५. मागच्या दोन्हींवर काहीच नाही. कंपनीचं नाव, साइज, आणि तारखेशिवाय नुसता अर्धा कोड. विचारलं तर म्हणाला, "तारीख आतल्या बाजूला असते, ताई."

हे खोटं नाही. बऱ्याच टायरवर तारीख एकाच बाजूला छापलेली असते, आणि दोन्ही बाजू सारख्या असलेला टायर कसाही चढवला तरी चालतो. फक्त पुढच्या दोघांची बाहेर आणि मागच्या दोघांची आत, हा योगायोग मला पचेना. गाडी परत उचला म्हटलं. पोरगा मालकाकडे बघायला लागला, मालक मोबाइलमध्ये. पाच मिनिटं कोणी हललं नाही. शेवटी मीच दिवाळीच्या खरेदीला नेसलेली साडी खोचली, गाडीखाली हात घालून मोबाइलने फोटो काढला. ४७२१. नोव्हेंबर २०२१चा माल, जवळजवळ चार वर्षांचा. दुसराही तसाच.

मग मालक उठले. "रबर काय भाजी आहे का सडायला? वॉरंटी बिलाच्या तारखेपासून असते." मी म्हटलं, रबर पडून पडूनही कडक होतं, आणि तुम्ही हे चार वर्षांचे म्हणून सांगून विकले असते तर मी विचार केला असता. लपवून का लावले? त्यावर, "रिमवर चढलेला टायर आम्ही परत घेत नाही." आणि वर, "साहेबांना फोन लावून द्या, मी बोलतो." गाडी माझ्या नावावर आहे, हप्ता माझ्या पगारातून जातो. साहेब त्या वेळी घरी चकल्या पाडत होते.

माझ्या हातात एकच गोष्ट होती, पैसे दिले नव्हते. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "तारीख बघून घ्या हो" म्हणत होते, अगदी गोड आवाजात. चौथ्या गिऱ्हाइकानंतर मालकांनी कुठेतरी फोन केला. सव्वासहाला ३१२५चे दोन टायर आले, त्यांचे मात्र ५,१०० प्रमाणे. बचत उरली २,२००. तोवर अलाइनमेंटचा माणूस घरी गेलेला. ते सोमवारी दुसरीकडे करून घेतलं, त्याचे वेगळे ६००.

बिलावर जीएसटी १८ टक्के लागलाय ना, तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५च्या आधी २८ होता. म्हणून किंमत दहा टक्क्यांनी उतरते असं मात्र नाही. जुने ५,५०० असतील तर नवे साधारण ५,०७० होतात. नायट्रोजनचे पैसे मी दिले नाहीत, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. आणि हवा किती भरली ते विचारा. पोराने सरसकट ४० ठोकली होती. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, टायर गार असताना तेवढीच भरायची.

वॉरंटी कार्डावर टायरचे नंबर लिहून घ्यायचे राहिलेच, त्यासाठी परत त्याच दुकानात जावं लागलं. मालकांनी चहा विचारला, मी घेतला नाही.

स्टेपनी अजून २०१९चीच आहे. पाचव्या टायरला हात आखडला.