तुम्ही विचारलंत म्हणून: जनुकजाळ्याची आकृती पाहून त्याचं काम ओळखता येतं का?

आरएनए-सीक्वेन्सिंगचा (कुठलं जनुक किती चालू आहे याच्या मोजणीचा) डेटा येतो, सॉफ्टवेअर तीनेकशे जनुकांचं जाळं, म्हणजे कुठलं जनुक कुणाशी जोडलेलं आहे याची आकृती, काढून देतं, आणि मग हा प्रश्न हमखास येतो: "रचना तर मिळाली, आता हे जाळं करतं काय ते कसं ओळखायचं?"

माझं उत्तर बहुतेकांना अर्धवट वाटतं. जाळं काय करू शकत नाही, हे रचनेवरून बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतं. ते प्रत्यक्षात काय करतं, हे सांगायला आकडे लागतात. मनमाड जंक्शनच्या रुळांचा आराखडा पाहून कुठली गाडी कुठे जाऊच शकणार नाही ते कळतं. पंचवटी किती वाजता सुटते ते कळत नाही.

आधी हातातलं जाळं कसलं आहे ते बघा. जनुकांची पातळी बरोबरीने वरखाली होते एवढ्यावरून काढलेल्या जाळ्याला दिशा नसते. 'क' हे जनुक 'ख' आणि 'ग' दोघांना चालवत असेल, तर 'ख' आणि 'ग' यांच्यामध्येही रेघ उमटते, प्रत्यक्षात संबंध काहीच नसतो. पुढचं सगळं बाणांच्या जाळ्याबद्दल आहे, आणि प्रत्येक बाण चालू करणारा की दाबणारा, हे माहीत असेल तरच ते लागू पडतं.

बाणांवरून फिरत बंद वर्तुळं शोधा आणि प्रत्येक वर्तुळातले दाबणारे बाण मोजा. संख्या सम (शून्य धरून) असेल तर वर्तुळ धन, विषम असेल तर ऋण. रने तोमा या जीवशास्त्रज्ञांनी 1981 साली मांडलेला आणि पुढे गणितज्ञांनी सिद्ध केलेला नियम असा: धन वर्तुळ नसेल तर जाळ्याला एकाहून जास्त स्थिर अवस्था असू शकत नाहीत, आणि ऋण वर्तुळ नसेल तर ते आपणहून टिकाऊ आंदोलनं (पातळीची लयबद्ध वरखाली) करू शकत नाही. म्हणजे पेशीने एकदा घेतलेला निर्णय 'लक्षात ठेवण्याचं' काम एखाद्या जाळ्याच्या नावावर कुणी खपवत असेल आणि त्यात धन वर्तुळच नसेल, तर एकतर दावा चुकीचा आहे किंवा आकृतीतून बाण गळला आहे. माझ्या मते रचनेचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, आणि तोच सगळ्यात कमी केला जातो.

2000 साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आलेली दोन कृत्रिम जाळी यावर पडताळून बघा. गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी एकमेकांना दाबणारी दोन जनुकं ई. कोलाय या जिवाणूत घातली: दोन दाब, धन वर्तुळ, दोन स्थिर अवस्था. एलोविट्झ आणि लायब्लर यांनी तीन जनुकांची साखळी केली, प्रत्येक जण पुढच्याला दाबणारा: तीन दाब, ऋण वर्तुळ, आंदोलनं. त्याच साखळीत चौथा दाबणारा घाला, की घड्याळाचा पुन्हा दोन अवस्थांचा स्विच होतो.

पण अट पुरी झाली म्हणजे काम झालं असं नाही. तिघांच्या साखळीला नुसतं ऋण वर्तुळ पुरत नव्हतं. दाब तीव्र हवा, दाबलेल्या प्रमोटरमधून (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) गळती कमी हवी, आणि प्रथिनांचं आयुष्य एमआरएनएच्या (ज्यावरून प्रथिन बनतं ती जनुकाची नक्कल) आयुष्याच्या जवळ आणायला हवं. म्हणून दाबणाऱ्या प्रथिनांना लवकर नष्ट होण्यासाठी शेपूट जोडावं लागलं. एवढं करूनही आंदोलनं दिसली ती जेमतेम 40 टक्के पेशींत, साधारण 160 मिनिटांच्या आवर्तनाने.

आता फीड-फॉरवर्ड लूप घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 'क्ष' हा 'य'ला चालू करतो, आणि 'क्ष' व 'य' मिळून 'ज्ञ'ला. ई. कोलायच्या 2002 सालच्या नकाशात साधारण 520 बाण होते आणि फीड-फॉरवर्ड लूप सुमारे 40; प्रत्येक जनुकाचे बाण तेवढेच ठेवून जोडण्या यदृच्छया बदलल्या तर ते सरासरी 7च्या आसपास मिळतात. एवढे जास्त आहेत म्हणजे त्यांचं काम ठरलेलंच असणार असं धरून "हा लूप दिसला म्हणजे विलंबाचं काम" असं लोक लिहून टाकतात.

'ज्ञ'ला दोघंही लागत असतील (अँड गेट), तर चालू होताना उशीर लागतो आणि बंद होताना लागत नाही. अ‍ॅराबिनोज साखर पचवणाऱ्या जनुकांत सीआरपी आणि अ‍ॅरासी या नियंत्रक प्रथिनांचा असाच लूप आहे. तिथे उशीर 20 मिनिटांच्या आसपास मोजला गेला. दोघांपैकी एक पुरत असेल (ऑर गेट), तर उलट: चालू लगेच, बंद व्हायला वेळ. फ्लॅजेलाच्या (जिवाणूच्या पोहायच्या शेपटीच्या) जनुकांत तसं आहे. बाण तेच, काम विरुद्ध, आणि गेट कुठलं ते आकृतीत दिसतही नाही.

अँड गेटमध्येसुद्धा उशीर किती, हे 'ज्ञ' चालू व्हायला 'य' किती लागतो यावर ठरतं. समजा पेशी 40 मिनिटांत दुप्पट होतात आणि 'य' नष्ट होत नाही, फक्त पेशीविभाजनाने पातळ होतो. उंबरठा 'य'च्या अंतिम पातळीच्या एक दशांश असेल तर उशीर 6 मिनिटं. निम्मा असेल तर 40. नऊ दशांश असेल तर 130च्या वर. आणि अंतिम पातळीहून जास्त असेल तर 'ज्ञ' चालूच होणार नाही. कागदावर चारही जाळी एकच.

स्वतःलाच दाबणारं जनुक थोडं सरळ आहे. टिकाऊ प्रथिन असलेलं साधं जनुक अंतिम पातळीच्या निम्म्यावर पोचायला एक पूर्ण पिढी घेतं. कृत्रिम जाळ्यात स्वतःवर दाब दिल्यावर तो वेळ पिढीच्या सुमारे पाचव्या हिश्शावर आला. तिथेही प्रमोटर मुळात जोरदार हवा. कमजोर प्रमोटरला दाबून वेग मिळत नाही, फक्त प्रथिन कमी होतं.

ज्यांना अजून शंका आहे त्यांनी ग्वे आणि सहकाऱ्यांचं 2002 सालचं काम बघावं. तीन जनुकं, पाच प्रमोटर, म्हणजे 125 शक्य जाळी. आयपीटीजी आणि एटीसी ही दोन रसायनं देऊन, न देऊन जीएफपी या चमकणाऱ्या प्रथिनाची चमक मोजली. जोडण्या सारख्या असूनही वागणं वेगळं, आणि जोडण्या वेगळ्या असूनही वागणं सारखं, दोन्ही निघालं.

मग मोजायचं काय? आधी नियंत्रक प्रथिनांचं अर्धायुष्य, मग उंबरठा, मग गेट. गेटसाठी चार स्थिती लागतात: दोन्ही संकेत नाहीत, एकच, दुसराच, दोन्ही. जीएफपी वापरत असाल तर नुसत्या चमकेवर जाऊ नका. ते टिकाऊ असल्याने प्रमोटर बंद झाला तरी पेशी चमकत राहतात आणि तुम्हाला नसलेला विलंब दिसतो. चमक वाढण्याचा वेग काढा आणि त्याला ओडीने (पेशींच्या दाटीच्या मापाने) भागा. आंदोलनं शोधत असाल तर फ्लास्कभर पेशींची सरासरी घेऊ नका. प्रत्येक पेशीचं घड्याळ वेगळ्या टप्प्यावर असतं, सरासरीत सरळ रेघ येते आणि चांगलं चालणारं जाळं बिघडलेलं समजून फेकून दिलं जातं. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीचा माग काढावा लागतो.