तुका म्हणे… तुकाराम!

शनिवारी रात्री मित्राचा फोन. "अरे, या अभंगाच्या शेवटी नुसती 'तुकाराम' अशी ओळ आहे का रे?" त्याला दिसत नाही, थोरियम या ई-पुस्तकांच्या ॲपमध्ये पुस्तक उघडून एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतो. एका निबंधसंग्रहाचं मी ई-पुस्तक (ईपब) करतोय, त्याचं चौथं प्रकरण त्याच्याकडे दिलं होतं. ईपबची रचना तपासणाऱ्या ईपबचेकमध्ये एकही चूक नाही, सुलभता तपासणाऱ्या एसमध्येही नाही, त्यामुळे मी खुशीत होतो.

छापील प्रतीत अभंगाखाली उजवीकडे 'तुकाराम' आहे. ते मी ब्लॉककोटच्या, म्हणजे एचटीएमएल या ई-पुस्तकातल्या खुणांच्या भाषेतल्या अवतरणाच्या टॅगच्या, आतच ठेवलं होतं. दिसायला झकास, पण कानाला 'तुका म्हणे'चा चरण संपतो न संपतो तोच 'तुकाराम', जणू पुढचाच चरण. श्रेय अवतरणाच्या बाहेर हवं, हा एचटीएमएलचा नियम मला पाठ आहे. पण ब्लॉककोटमधला कुठला शब्द कुणाचा, हे तपासणाऱ्या यंत्राला कळायचं कसं? आपल्याकडे तर कवी स्वतःच चरणात सही करून ठेवतो. ती नाममुद्रा कवितेचीच, म्हणून आत. खालचं नाव निबंधकारानं दिलेलं, म्हणून बाहेर.

रविवार त्यातच गेला. ६३ अवतरणांपैकी ५१ सिजिल या ईपब-संपादकाच्या रेजेक्सनं (नमुना देऊन शोधा-बदला) एका फटक्यात सुटली (सिजिलला तोड नाही). उरलेली १२ हातानं, कारण कन्व्हर्टरनं तिथे ब्लॉककोट न देता नुसता समास सोडला होता. प्रत्येकाला फिगर (आकृतीचा टॅग), आत ब्लॉककोट, खाली फिगकॅप्शनमध्ये (आकृतीखालच्या ओळीचा टॅग) नाव. पाठवलं. उत्तर: "हे दर वेळी 'फिगर' म्हणतंय. चित्र आहे का?"

घ्या!

म्हणून ठरवलं होतं, फिगर फक्त प्रकरणारंभीच्या वचनांना ठेवायची. पण हे लिहिता लिहिताच लक्षात आलं, त्यांना डॉक-एपिग्राफ रोल (आरंभीचं वचन असल्याची खूण) आहेच की! मग फिगर हवीच कशाला? सगळ्या काढतो. ब्लॉककोट, त्याच्या लगेच खाली साधा परिच्छेद, त्यात नाव. साइट (cite) टॅग फक्त ग्रंथाच्या नावाला. मी माणसांनाही लावला होता, तो काढला. शिवाय साइट आपोआप तिरपा होतो, आणि देवनागरी तिरपी केली की मला बघवत नाही. सीएसएसमध्ये, म्हणजे मजकूर दिसावा कसा ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, सरळ करून टाकला. ओळीतल्या छोट्या अवतरणाच्या क्यू टॅगच्या नादी लागलोच नाही. त्याची अवतरणचिन्हं मजकुरात नसतातच, वाचक-ॲपच्या मर्जीवर. त्यापेक्षा टंकलेली बरी.

एक मात्र जमलं. स्कॅन करून देणाऱ्याच्या ओसीआरनं (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) '॥ १ ॥'चं '११ १ ११' केलं होतं. मित्र महिनाभर प्रत्येक कडव्याला 'अकरा एक अकरा' ऐकत होता आणि बिचारा समजत होता, हा गाथेतला क्रमांक असेल. आता दंड जागेवर आहेत.

पाचव्या प्रकरणात संस्कृत श्लोक आहेत. तिथे भाषेचा कोड 'एसए' द्यायचाय. दोन श्लोकांना देऊन आधी त्यालाच ऐकवतो, मग बाकीच्यांना हात लावतो.