एफच्या आधीचा धप्प

गेल्या महिन्यात माझ्या फोनने मला ओळख द्यायची बंद केली. मी फोन कायम डाव्या तर्जनीने उघडते, का ते विचारू नका, सवय. तर एक दिवस बोट ठेवलं, काही नाही, पुसून ठेवलं, काही नाही, पाचव्यांदा ठेवल्यावर त्याने पासवर्डच मागितला, आणि तो मला आठवेना कारण बोट असताना पासवर्ड कोण लक्षात ठेवतं. मग उजेडात बोट नीट बघितलं. टोकाला घट्टा पडलेला, पिवळट, आणि त्यावर तारांच्या दोन बारीक चऱ्या. बारीक तार आणि तिच्या शेजारची, बहुतेक.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. चार महिने गिटार शिकतेय त्याचा एवढा एकच पुरावा हातात होता. हातात म्हणजे अक्षरशः.

गिटार दादाची. तो घर सोडून गेला तेव्हा ती कपाटावर गेली आणि मग बरीच वर्षं तिथेच आडवी पडून होती. लहानपणी तो त्याच्या खोलीत दार लावून वाजवायचा आणि मी भिंतीपलीकडे अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून ऐकायचे. आत गेलं की हाकलायचा. त्यामुळे माझं सगळं ऐकणं भिंतीतून झालेलं, म्हणजे सूर कमी आणि ठोके जास्त, भिंतीतून तेच नीट येतात.

खाली काढून वाजवायला बसले तर तार दाबली जाईना. मला वाटलं माझ्या बोटात जोर नाही, सगळ्या नवशिक्यांना हेच वाटतं. दोन आठवडे जीव काढला, बोटं सुजली, आणि मग कोणीतरी सांगितलं की बाई गं, आधी तिची मान बघ. मान, म्हणजे जिच्यावर तारा दाबतात ती लांब दांडी, वाकली होती. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की सगळ्या मिळून मानेवर साधारण 70 किलोचा ताण असतो, म्हणजे एक अख्खा माणूस तिथे लटकतोय असं समजा, आणि हा माणूस इतकी वर्षं कपाटावर लटकलेला. मानेवर ज्या बारीक आडव्या पट्ट्या असतात त्यांना फ्रेट म्हणतात, त्यातल्या बाराव्या फ्रेटपाशी तार मानेपासून दोन-अडीच मिलिमीटर वर असली की बरं असतं. माझ्या गिटारीत तिथून करंगळी घालता आली असती. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड म्हणतात तिला, ती आवळून घेतली, नव्या तारा टाकल्या, आणि ती जणू दुसरीच गिटार झाली. नवीन शिकणाऱ्याला माझा एकच सल्ला आहे की स्वतःला नालायक ठरवण्याआधी गिटार कुणाला तरी दाखवा.

शिकवणारे सर माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. मी त्यांना सर म्हणते, ते मला ताई म्हणतात, आणि हा प्रकार दोघांनाही थोडा अवघड जातो पण आता बदलणार कोण. ते ओरडत नाहीत. चुकलं की "ताई, परत एकदा" एवढंच म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. त्या बघण्यापेक्षा ओरडलेलं परवडलं.

सी, जी, ए मायनर, डी, ई मायनर, हे कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गट, सगळं ठीक चाललं होतं आणि मग एफ आला. ज्यांनी कधी गिटार धरली नाही त्यांच्यासाठी सांगते, बाकीच्या सोप्या कॉर्ड्समध्ये दोन-तीन बोटं दोन-तीन तारांवर ठेवायची असतात, एफमध्ये तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा एकटीने दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढे आकार धरायचा. बरं हाच आकार पाचव्या फ्रेटवर नेला की ए होतो आणि तिथे बऱ्यापैकी वाजतो. पहिल्याच फ्रेटवर तो छळतो कारण तिथे तार मानेच्या टोकाच्या पट्टीला, म्हणजे नटला, अगदी चिकटून असते आणि वाकायला तयार होत नाही. म्हणजे शिकताना जो बार कॉर्ड, असा आडव्या बोटाचा, सगळ्यात आधी समोर येतो तोच सगळ्यात नाठाळ जागेवर बसलाय. कुणाची कल्पना होती देव जाणे.

तर मी एफच्या आधी थांबायचे. सी वाजतोय, वाजतोय, आणि चौथ्या ठोक्याला सगळी बोटं उचलून हवेत, मग एकेक करून खाली, जसं अंधारात जिना उतरताना पाय चाचपडतो. ती पोकळी मलाच ऐकवेना. मग कधीतरी, मुद्दाम ठरवून नाही, मी त्या रिकाम्या जागेत उजव्या तळव्याची कड तारांवर आपटायला लागले. धप्प. सूर नाही, नुसता ठोका. ऐकणाऱ्याला वाटावं हे असंच आहे. सी, सी, सी, धप्प, एफ. चोरी लपली आणि वर ताल पण सांभाळला गेला, मी फार खूश. शिवाय वाटलं, अरे, ही तर आपली स्टाईल!

मग मी वाचायला लागले, कारण हात चालत नसले की माणूस वाचतो. आणि वाचलं की सगळीकडे तेच, अमुक एकाला तमुक जमत नव्हतं आणि त्यातूनच त्याची शैली झाली. जॅझ गिटारवाला जँगो राइनहार्ट, 1928 साली तो राहायचा त्या फिरत्या गाडीघराला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं गेल्यात जमा, आणि तरी उरलेल्या दोन बोटांनी सोलो असे वाजवायचा की चार बोटंवाल्यांनी तोंडात बोटं घालावी. रॉक गिटारवाल्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या मशीनमध्ये तुटली, त्याने प्लास्टिक वितळवून टोप्या केल्या आणि तारा हलक्या घेतल्या. ब्लूजवाले बी. बी. किंग तर स्वतःच सांगायचे की मला कॉर्ड्स वाजवता येत नाहीत. त्यांच्या नात्यातले बुका व्हाइट स्लाइड, म्हणजे तारेवर नळी सरकवत, वाजवायचे, ते यांना जमेना, मग नुसत्या बोटाने तार हलवून तो थरथरता आवाज काढायचा प्रयत्न केला आणि तोच त्यांचा व्हायब्रेटो. एक सूर ऐकला की कळतं, किंग.

मला हे सगळं फारच सोयीचं वाटलं. इतकं की संशय यावा.

कारण नीट बघितलं तर जँगो आगीच्या आधीच धंदेवाईक वाजवणारा होता, पोरवयापासून बँजोवर हात बसलेला. बोटं नंतर गेली. म्हणजे कान आणि हात दोन्ही तयार, मग अपघात, आणि मग परत पहिल्यापासून मेहनत. माझ्या बाबतीत ओळ उलटी आहे, मी मेहनतीच्या आधीच अपघात जाहीर करून बसले होते. हे गोष्टी सांगणारे लोक मधला मेहनतीचा भाग एका वाक्यात उरकतात आणि आपल्यासारखे आळशी वाचक नेमकं तेच वाक्य गाळतात.

पण एक बाई मात्र मनात घर करून राहिली. एलिझाबेथ कॉटन. जन्म 1893 चा. डावखुरी, आणि घरात वाद्य भावाचं, उजव्या हाताच्या माणसासाठी लावलेलं. भाऊ कामावर गेला की ही हळूच घ्यायची. तारा बदलून लावल्या तर भावाला कळणार, म्हणून, असं माझं मत, पुस्तकात नाही, तिने वाद्यच उलटं धरलं. उलटं धरलं की जाड तारा खाली आणि बारीक वर. बाकी सगळे अंगठ्याने खर्ज धरतात आणि बोटांनी गाणं वाजवतात, हिच्याकडे खर्ज बोटांकडे गेला आणि गाणं अंगठ्याकडे. ऐकताना आधी वेगळं काही कळत नाही, मग कळतं की खर्ज थोडा लवचीक आहे आणि गाणं थोडं ठाम. पुढे लग्न, मूल, घर, आणि गिटार सुटली ती काही दशकं. मग एका संगीतवाल्या कुटुंबाच्या घरी कामाला असताना भिंतीवरची गिटार काढून वाजवली तेव्हा सगळ्यांना कळलं. साठी ओलांडल्यावर पहिली रेकॉर्ड आणि नव्वदी ओलांडल्यावर ग्रॅमी. तिच्या त्या पद्धतीला आता तिचंच नाव आहे आणि सरळ गिटार धरणारे लोक ती घोटून घोटून शिकतात. याचं मला हसू येतं, म्हणजे चांगल्या अर्थाने.

हे सगळं मी सरांना उत्साहाने सांगितलं. धप्पचं समर्थन करायला, उघड आहे. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "ताई, धप्प छान आहे. पण ते तुम्ही वाजवता की ते तुमच्याकडून वाजतं?"

मग मेट्रोनोम निघाला, टिकटिक करून ताल दाखवणारा. मिनिटाला 60. एवढा संथ की दोन टिकटिकींच्या मध्ये माणसाला स्वतःचे सगळे दोष आठवतात. आणि त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मला चार महिन्यांत दिसली नव्हती. सीमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला असते. एफमध्येही अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटलाच असते. म्हणजे ती हलवायचीच नाहीये! मी चारही बोटं हवेत उडवत होते आणि त्यातलं एक आधीपासून बरोबर जागेवर बसलेलं होतं. खुंटीसारखी ती तिथे ठेवायची आणि बाकीची बोटं तिच्याभोवती फिरवायची. आणि तर्जनी सपाट टाकायची नाही, जरा कुशीवर वळवायची, हाडाच्या बाजूवर, म्हणजे पेरातली मऊ खाच नेमकी तारेखाली येत नाही.

दोन दिवस मी स्वतःवर चिडून होते. मग बसले. सी, एफ, सी, एफ, रोज वीस मिनिटं, घरातले लोक एकेक करून दुसऱ्या खोलीत गेले. दीड महिना गेला. 60 वरून 70, मग 80, आणि एक दिवस लक्षात आलं की एफ आला आणि गेला, मला कळलंसुद्धा नाही. पोकळी संपली होती.

मी ते रेकॉर्ड केलं. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकणं हा वेगळाच अपमान असतो, वाजवताना आपण जे ऐकतो ते हात, डोकं आणि इच्छा मिळून ऐकतात, फोन मात्र फक्त कान असतो. पण यावेळी चूक सापडेना. सगळं वेळेवर, सगळ्या तारा स्वच्छ. आणि ऐकताना मला असं वाटलं की ही कोण बाई आहे. कुणीही असेल. लिफ्टमध्ये वाजतं ना काहीतरी, तसं.

मग तेच परत वाजवलं आणि एफच्या आधी मुद्दाम, गरज नसताना, धप्प टाकला. आता वेळ हातात होती त्यामुळे तो घाईत पडला नाही, किंचित मागे रेलून पडला. कधी टाकला, कधी नाही टाकला. शेवटच्या ओळीला दोनदा टाकला. मला तो आवडला, आता लपवण्यासारखं काही नसताना आवडला. सरांनी पुढच्या वेळी ऐकलं आणि खिडकीबाहेर बघितलं नाही, याला मी शाबासकी समजते.

दोन्ही रेकॉर्डिंग दादाला पाठवली. काही न सांगता, नुसतं "ऐक". रात्री त्याचा फोन आला.

"पहिलं कोणाचं आहे गं?"

"का?"

"नाही, बरं आहे. जरा शाळेतल्यासारखं. दुसरं तुझं ना?"

मी आतून इतकी फुलले की काय सांगू. म्हटलं, कसं ओळखलंस? मला वाटलं आता तो म्हणेल तुझा ढंग, तुझा हात, असलं काहीतरी.

"अगं त्यात ओळखायचं काय, ते धप्प माझं आहे. मी असाच वाजवायचो. एफ जमायचा नाही मला, म्हणून ते मध्ये घालायचो."

मी गप्प. भिंत आठवली. सूर कमी आणि ठोके जास्त.

"म्हणजे तू शोधलंस ते?" मी विचारलं.

"छे गं, आमच्यात एक जण होता त्याचं बघून. त्याच्या गिटारीला कायम पाचच तारा असायच्या, तुटलेली एक कधी टाकलीच नाही त्याने. मध्येच तळवा आपटायचा. का ते कधी विचारलं नाही."

मग आम्ही बराच वेळ दुसऱ्याच गोष्टींवर बोललो. फोन ठेवताना तो म्हणाला, एफ आता खरंच जमतो का तुला? म्हटलं, हो. म्हणाला, मला शिकव ना. मी म्हटलं, अनामिका हलवू नकोस, आणि तिकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. बहुतेक हवेत बोटं ठेवून बघत होता.