शेळ्यांचे पुढचे पाय

"काका, सगळ्या शेळ्यांना मागच्या दोन पायांवर उभं राहायला सांगायचं. झालं की गणित!"

पुतणी सहावीत. गोठ्यात कोंबड्या नि शेळ्या मिळून डोकी २०, पाय ५६, तर शेळ्या किती? तिनं वहीत चक्क उभी शेळी काढलेली, दाढीसकट. २० डोक्यांचे जमिनीवर ४० पाय, उरलेले १६ हवेत. म्हणजे शेळ्या ८, कोंबड्या १२.

उत्तर बरोबर. शिकवणीत मात्र त्यावर लाल रेघ, शेजारी शेरा: 'क्ष मानून सोडव.'

बरं, मानू. कोंबड्या क्ष. २क्ष + ४(२० − क्ष) = ५६. कंस सोडवला की ८० येतात. हे ८० काय आहेत? सगळ्या शेळ्याच असत्या तर झाले असते तेवढे पाय! पोरीनं सगळ्या कोंबड्या धरल्या, समीकरणानं सगळ्या शेळ्या. मग रेघ कशाला मारली?

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) इष्टकर्म आहेच की. आधी सोयीची संख्या धरा, मग प्रमाणानं खरी काढा. धरून बघणं ही काय चोरी आहे?

क्ष नको असं नाही हं. शेळ्या-कोंबड्यांत बैल आले की नुसतं उभं करून भागत नाही. पण सहावीत?

आज तिनंच खानापूर स्टँडवर मला गणित घातलं. रिक्षा नि स्कूटर मिळून १५, चाकं ३८. क्ष न मानता सांगा बघू, रिक्षा किती?