चांदीच्या रिंगा, शिसवी बट आणि कोकणातली दमट हवा

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत ज्या ज्या मशीन शॉपमध्ये पूल क्यूचं, म्हणजे पूल खेळायच्या काठीचं, काम विचारलं, तिथे उत्तर एकच मिळालं. "लाकूड घेऊन या, आज टेनन काढतो, संध्याकाळी रिंगा चिकटवतो, उद्या न्या." (टेनन म्हणजे रिंगा ओवायला लाकडाच्या टोकाला काढलेला बारीक दांडा.) आपल्याकडच्या हवेत अशा घाईने बसवलेली धातूची रिंग पहिल्याच हिवाळ्यात बोटाला लागायला लागते. हे समजावून सांगूनही थांबायला कोणी तयार नव्हतं, त्याचा राग अजून गेलेला नाही. तो भाग सविस्तर सांगायचाय, म्हणून बाकीचं आधी उरकतो.

क्यू नेहमीच्या मापाचा. लांबी ५८ इंच, वजन १९ औंस, म्हणजे ५४० ग्रॅमच्या आसपास. शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता तुकडा, हार्ड मेपलचा, तो तयारच मागवावा. बट, म्हणजे मागचा जाड तुकडा, शिसवीचा. रिंगा पाच जागी: हे दोन तुकडे जुळतात त्या जॉइंटच्या दोन्ही बाजूंना, हँडलच्या वर आणि खाली, आणि मागच्या टोकाच्या टोपीच्या, म्हणजे बटकॅपच्या, वर. मला टाक्यांची रिंग हवी होती, काळ्यावर चांदीच्या बारीक उभ्या रेघा आणि दोन्ही कडांना चांदीची साधी पट्टी.

टाक्यांसाठी काळ्या हायलमचा (राळेत दाबून केलेल्या टणक पदार्थाचा) ३४ मिमी रॉड घ्या. डिव्हायडिंग हेडवर (रॉड मोजून ठरावीक कोनात फिरवणाऱ्या साधनावर) १६ समान भाग पाडून लांबीच्या दिशेने ०.८ मिमी रुंदीच्या खाचा पाडा, त्यात ०.७ मिमी चांदीच्या पट्ट्या इपॉक्सीने बसवा, मध्ये १६ मिमी भोक पाडा आणि ३ मिमीच्या चकत्या कापा. पार्टिंग टूल दर कापाला दीड मिमी खातं, म्हणून ४० मिमी लांबीत आठच रिंगा हाती येतात. खाचेची खोली आधी ठरवा. जॉइंटजवळ क्यूचा व्यास २१.५ मिमी असतो आणि बटकॅपजवळ ३२ मिमी. खाच निदान ७.५ मिमी खोल नसेल, तर जॉइंटच्या मापावर येईपर्यंत चांदी घासून निघून जाते आणि नुसतं काळं हायलम उरतं. शिवाय त्याच १६ रेघांमधलं अंतर खाली ६.३ मिमी आणि वर ४.२ मिमी होतं. मला ते आवडतं. ज्याला सगळीकडे सारखं अंतर हवं त्याने जॉइंटसाठी दहा-अकरा खाचांचा वेगळा रॉड करावा.

चांदी सोनाराकडून ९२.५ टचाची पत्र्याच्या रूपात घ्या. शुद्ध चांदी मऊ असते, कातताना ओढली जाते. पितळ शिसवीवर उठून दिसतं, जर्मन सिल्व्हर सगळ्यात टणक. वजनही बघा: २५ मिमी बाहेरचा, १६ मिमी आतला व्यास आणि १ मिमी जाडी असेल तर पितळेची रिंग अडीच ग्रॅम, चांदीची तीन, ॲल्युमिनियमची पाऊण. जॉइंटजवळ चांदी वाढली की क्यूचा तोल पुढे सरकतो.

आता लाकूड. पावसाळ्यात किनाऱ्यावर उघड्यावर ठेवलेल्या लाकडात १७-१८ टक्के ओलावा सहज असतो. तेच लाकूड थंडीत किंवा एसी हॉलमध्ये १०-१२ टक्क्यांवर येतं. २५ मिमी जाडीची शिसवी एवढ्या फरकाने वर्षकड्यांच्या दिशेने सुमारे ०.३ मिमी आकसते, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मीच. धातू जागचा हलत नाही. म्हणजे रिंग चारी बाजूंनी सारखी वर येत नाही. समोरासमोरच्या दोन जागी जास्त टोचते, कारण लाकूड अंडाकृती झालेलं असतं. नखाला ०.०५ मिमीची पायरीसुद्धा कळते, इथे तर दर बाजूला ०.१५ पर्यंत जाते. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची धाव सैल होते, त्याचं कारण हेच.

एका शॉपला एक मिमी जादा ठेवा म्हणून सांगितलं होतं, तरी त्यांनी भर पावसात थेट अंतिम मापावर काढून रिंगा चिकटवून दिला. तो बट मी मुद्दाम पॉलिश न करता भिंतीला टांगून ठेवला. पाऊस सरल्यावर हँडलच्या वरची रिंग बरोबर दोन बाजूंना उभी राहिली आणि टिचकी मारली की झिणझिण आवाज यायला लागला.

याला उपाय वजनकाट्याचा. ६०० ग्रॅमच्या तुकड्यात एक टक्का ओलावा म्हणजे पाच-सहा ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दोन्ही टोकांना मेण लावा, नाहीतर टोकं चिरतात. तुकडा ३६ मिमीवर गोल करून उभा टांगा. दर आठवड्याला वजन लिहा. आकडा स्थिरावला की ३४ वर आणा, परत टांगा, मग ३३ वर. दर कापानंतर लाकूड थोडं वाकतं, ते वाकणं जाऊ द्यायचं असतं. शेवटचा काप दिवाळीनंतर. प्लायवुडच्या बंद पेटीत सिलिका जेल आणि ५५ टक्क्यांच्या आसपास दाखवणारा हायग्रोमीटर ठेवला तर आधीही जमतं, पण ओव्हन किंवा कडक ऊन नको. सावंतवाडीत लाखेची खेळणी कातणाऱ्या कातारीला यातलं काही पटवावं लागलं नाही. ओलसर लाकडावर लाख धरत नाही हे त्याला रोजचंच. कच्चं गोल करायचं काम त्याच्याकडे द्या. धातूच्या लेथवर फक्त शेवटचे काप.

टेनन लाकडाचा ठेवूच नका. हायलमचा १६ मिमी रॉड आटे पाडून लाकडात २५ मिमी आत बसवा, म्हणजे रिंगांच्या आत हलणारं लाकूड उरत नाही आणि झिणझिण मिटते. टेनन आणि रिंग यांत दर बाजूला ०.०५ मिमी जागा सोडा. घट्ट बसवलं की इपॉक्सी पुसली जाते. चांदी ८० नंबरच्या पेपरने खरवडा, ॲसिटोनने पुसा, मग बोट लावू नका. इपॉक्सी मंद सुकणारीच घ्या, २४ तास दाबून ठेवा.

शेवटचे काप धारदार कार्बाइड टूलने, एका वेळी ०.०५ मिमी. पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्यावर धरा. बोटाने घासलं की लाकूड जास्त झिजतं आणि रिंग उंच राहते. घासताना हात लावून बघा, रिंग चटका देत असेल तर थांबा, तापल्यावर इपॉक्सी मऊ होते. मेपलच्या बाजूला आधी सीलर मारा. नाहीतर धातूची काळी पूड रंध्रांत बसते आणि निघत नाही. वर इपॉक्सीचा पातळ थर, मग गाडीला मारतात तो टू-के क्लिअर (दोन भाग मिसळून मारायचा पारदर्शक थर). उघडी चांदी काळी पडते, उघडं पितळ खाऱ्या हवेत हिरवं.

चांदीचा चुरा कागदावर वेगळा गोळा करा. हायलम मिसळलं की सोनार घट धरतो. आणि क्यूचे दोन तुकडे रबर बँडने बांधू नका. रबरातल्या गंधकाने रिंगेवर काळा पट्टा उमटतो, क्लिअरला कुठे बारीक चीर गेली असेल तर तिथे हमखास.