मुंबई की पुणे: घर ठरवण्याआधी शहराचा आकार बघा

पुण्यात राहावं की मुंबईत, हा प्रश्न घरात निघाला की कागदावर दोन आकडे येतात: पगार आणि घरभाडं. पुण्यात तेवढ्याच भाड्यात एक खोली जास्त मिळते, म्हणून पुणं स्वस्त असं ठरवून लोक सामान हलवतात. सहा महिन्यांनी दोन दुचाक्या, एक चारचाकी, टँकरची वर्गणी आणि पेट्रोल यांची बेरीज केल्यावर फरक बराच आटलेला दिसतो. मुंबईत आपण जागेचे पैसे मोजतो. प्रवास आणि पाणी यांचा भार बराचसा शहर उचलतं. पुण्यात जागा मोकळी मिळते, पण रोजची सोय आपली आपण उभी करावी लागते. हे नीट समजलं तर दोन्ही शहरांत सुखाने राहता येतं. फसतात ते एका शहराचा हिशेब दुसऱ्याला लावणारे.

मुंबई लांबट आहे. दक्षिणोत्तर पट्टी आणि त्या पट्टीतून धावणारे रेल्वेचे रूळ. म्हणून मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नये. घर स्टेशनपासून चालत किती मिनिटांवर आहे, फास्ट गाडी थांबते का, आणि ऑफिस त्याच लाइनवर आहे का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. बोरिवलीहून चर्चगेट नकाशावर लांब दिसतं, पण एकाच गाडीत बसून होतं. मुलुंडहून गोरेगाव त्यापेक्षा खूप जवळ, तरीही रोज जास्त दमवतं, कारण पूर्व-पश्चिम जोडण्या मोजक्याच आहेत. लोकलने दादरला उतरून पूल चढून लाइन बदलायची, नाहीतर जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडवर बसमध्ये अडकायचं. 2014 साली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो आली ती याच दुखण्यावर. कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही भुयारी मेट्रो 2024 पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि अंधेरीच्या औद्योगिक भागाला, वांद्रे-कुर्ला संकुलाला पहिल्यांदा रुळांची थेट सोय मिळाली. नवीन नोकरीचं ऑफिस या भागांत असेल तर घर शोधताना ही मेट्रो आधी बघावी.

लोकलची सवय ही शिकायची गोष्ट आहे. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायच्या बेताने चढू नये. दारातली विरारकडची गर्दी उतरूच देत नाही. बोरिवलीला संपणारी गाडी धरावी, दहा मिनिटं उशीर झाला तरी. नालासोपाऱ्याचे लोक सकाळी आधी उलटे विरारला जातात आणि तीच गाडी रिटर्न धरून बसून येतात. पास दोन्हींना चालेल असा विरारपासूनचा काढावा. सेकंड क्लासचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांएवढ्या पैशांत पडतो. इतका स्वस्त रोजचा प्रवास पुण्यात, लोणावळा लोकलचा मार्ग सोडला तर, कुठल्याही साधनाने होत नाही, आणि मुंबईचं महाग भाडं तोलताना हा आकडा बहुतेक जण विसरतात. रविवारचा बेत मात्र ब्लॉकची, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याची, जाहिरात वाचूनच करावा. आणखी एक: रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला टॅक्सी किंवा बेस्टची बस.

पुण्याची गोष्ट उलटी. इथे पेठांचं जुनं गाव मध्यभागी आणि तिथून सातारा रस्ता, सोलापूर रस्ता, नगर रस्ता, मुंबई रस्ता, पौड रस्ता, सिंहगड रस्ता असे आरे बाहेर फुटलेले. नोकऱ्या या आऱ्यांच्या टोकांना: हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, चाकण. एका आऱ्यावरून दुसऱ्यावर जायला एक तर मध्यवस्तीतून घुसा, नाहीतर बाह्यवळणाच्या महामार्गाला लागा. म्हणजे नवले पूल, वारजे, चांदणी चौक या साखळीतून रोज जाणं आलं. चांदणी चौकाचा नवा उड्डाणपूल 2023 मध्ये सुरू झाला आणि तिथली कोंडी कमी झाली, पण नवले पुलाचा उतार अजून धोकादायक आहे: कात्रजच्या नव्या बोगद्यातून उतरणारे जड ट्रक वेगात येतात आणि खाली शहराची वाहतूक आडवी लागते. दुचाकीवर असाल तर तिथे सेवा रस्ता धरा, मुख्य रस्त्यावर जाऊ नका.

म्हणून पुण्यात घराचा नियम एकच, आणि तो मी कुणालाही विनासंकोच सांगेन: घर आणि ऑफिस एकाच आऱ्यावर, शक्यतो नदीच्या एकाच बाजूला. खराडीत नोकरी असेल तर विमाननगर, वडगाव शेरी, चंदननगर. हिंजवडीत असेल तर वाकड, ताथवडे, बाणेर, बालेवाडी. नवराबायकोच्या नोकऱ्या दोन टोकांना असतील तर मेट्रोच्या मार्गिकेवर मध्ये कुठेतरी. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना छेदतात. गाडी बदलणं तिथे सोपं आहे. खरी अडचण स्थानकापासून घरापर्यंतच्या शेवटच्या दोन किलोमीटरांची. पीएमपीची बस त्या वेळेला आहे का, हे ॲपवर न बघता प्रत्यक्ष थांब्यावर उभं राहून बघावं, तेही रात्री नवाला. बस नसेल तर घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसामागे एक दुचाकी धरूनच हिशेब करा.

आता पाणी. माझ्या मते दोन शहरांतला सगळ्यात मोठा फरक इथे आहे, आणि घर बघायला जाणारे लोक याबद्दलच सगळ्यात कमी विचारतात.

मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा. साठा साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर. भागवार ठरलेल्या वेळेला पाणी येतं, सोसायटीच्या तळटाकीत पडतं आणि पंपाने वर चढतं. पाऊस लांबला तर जूनमध्ये कपात लागते, पण पाणी महापालिकेचंच असतं आणि शुद्ध केलेलं असतं.

पुण्याकडे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं आहेत, एकूण क्षमता सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट). जुन्या शहरात, कोथरूडला, डेक्कनला पाण्याचा दाब उत्तम; गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असल्याची बातमी आली की बुधवारी भरून ठेवायचं, एवढीच तसदी. पण महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली, आणि तिथे इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मागून निघाल्या. तिथे सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर जगतात. हिशेब करून बघा. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर चौघांच्या घराला 540 लिटर लागतात. शंभर घरांच्या सोसायटीला 54,000 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच-सहा टँकर, रोज. हा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे की वेगळा, हे दलाल सांगत नाही. सोसायटीच्या सचिवांना भेटून मागच्या एप्रिल आणि मे महिन्याचं टँकरचं बिल दाखवायला सांगा. सोबत पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा स्वस्तातला टीडीएस मीटर न्या आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी मोजा. आकडा 500 च्या वर गेला तर पाण्यात बोअरचा वाटा मोठा आहे असं समजा. गीझरच्या कॉइलवर क्षार चढणार आणि वॉशिंग मशीन लवकर बिघडणार. मात्र टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्जंतुक असं मुळीच नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी भागात गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला. टँकरचं पाणी गाळून, उकळून प्या.

पावसाचा हिशेबही दोन्हीकडे वेगळा. मुंबईत वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात सातशे-साडेसातशे. मुंबईचा बराच भाग भर घालून केलेला आणि सखल आहे. भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी मुसळधार, असं जुळलं की नाल्यांतलं पाणी समुद्रात जातच नाही. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे तुंबतात ते यामुळे. पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक फोनमध्ये ठेवावं. पुण्यात पाऊस कमी पडूनही घरात पाणी शिरतं, आणि त्या वेळी शहरात कदाचित रिमझिमच असते. पाऊस पडलेला असतो घाटमाथ्यावर. खडकवासला धरण लहान, जेमतेम दोन टीएमसीचं. ते भरलं की मुठेत विसर्ग सुरू होतो, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि त्यानंतर नदीकाठच्या वस्त्यांची पाळी येते. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत विसर्गाचं पाणी असंच घरांत शिरलं; त्या वेळी मात्र शहरातही जोरदार पाऊस होता. नदीकाठी किंवा आंबिल ओढ्यालगत घर घेताना निळी पूररेषा (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) कुठून जाते ते नकाशावर तपासा आणि तळमजला टाळा.

हवेचं थोडक्यात. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात एअर कूलर चांगला चालतो. मुंबईच्या दमट हवेत तो खोली आणखी ओली करतो, तिथे एसीच लागतो. मुंबईत कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा, नाहीतर पाठीमागे बुरशी धरते. समुद्राजवळच्या इमारतीत छताचं प्लास्टर सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर ते घर रंग देऊन सुधारणार नाही.

कागदपत्रांत फरक लहान, पण रक्कम मोठी. भाडेकराराची नोंदणी दोन्हीकडे सक्तीची, मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. मुंबईत अनामत तीन ते सहा महिन्यांच्या भाड्याएवढी मागतात, पुण्यात साधारण दोन-तीन. घर विकत घेताना मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के, पुण्यात 7 टक्के. घर बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का सवलत. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात स्वतः राहत असाल तर 40 टक्के सवलत मिळते, पण पीटी-3 अर्ज भरल्याशिवाय ती लागू होत नाही, आणि कित्येक जण वर्षानुवर्षं पूर्ण कर भरत राहतात.

राहायचं पुण्यात आणि नोकरी मुंबईत, हा मधला मार्ग अनेकांना मोहात पाडतो. अंतर 192 किलोमीटर. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते आणि सीएसएमटीला साडेदहाच्या आत पोचते; परतीची सुटते पाच वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे ऑफिस फोर्टात हवं आणि तिथून संध्याकाळी साडेचारला निघायची मुभा हवी. अंधेरीत नोकरी असणाऱ्याला हे जमणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कर्जत ते लोणावळा घाटात दरड आली की गाड्याच रद्द होतात. त्या दोन महिन्यांसाठी मुंबईत कुणाकडे तरी रात्रीची सोय आधीच बोलून ठेवावी. आठवड्यातून दोन फेऱ्यांपर्यंत हे निभतं. रोजचं असेल तर मुंबईत, स्टेशनजवळ, लहान घर घ्या.